चार बोटं जाडीचं दार

१

गिऱ्हाइकानं स्पीकर ऑनलाइन मागवायचे, खोका काखेत मारून दुकानात यायचं आणि "फक्त बसवून द्या" म्हणायचं, याचा संघपाल वाळकेला मनस्वी वैताग होता. गडचिरोलीत चामोर्शी रोडला त्याचं गाडी सजावटीचं दुकान. बावीस वर्षं तो सीट कव्हर, हॉर्न, टेप आणि स्पीकर बसवत आला होता. बसवायला काय काय लागतं, ते त्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. भोकाचं माप जुळत नाही, मग लाकडी रिंग कापा. वायरींची टोकं जुळत नाहीत, मग ती सोला. आणि एवढं करून आवाज आवडला नाही, की नाव खराब फिटरचं.

त्या मंगळवारी असाच खोका घेऊन पुनम आली. ही चामोर्शीची बाई स्वतः व्हॅन चालवायची. मंगळवार आणि शुक्रवार घोटकडच्या खेड्यांतले तीन पेशंट डायलिसिसला गडचिरोलीच्या दवाखान्यात आणायची, चार तास थांबायची, परत नेऊन सोडायची. व्हॅन जुनी, कोणाकडून तरी घेतलेली. पुढच्या दोन दारांत कंपनीचेच कागदी स्पीकर होते. त्यातून गाणं कमी आणि खरखर जास्त यायची. तिघांतली बायनाबाई पुढे, डाव्या दाराला टेकून बसायची, कारण मागची पायरी चढणं तिला जमत नव्हतं. जाताना ती भजन लावायला सांगते आणि त्या खरखरीनं तिचं डोकं उठतं, असं पुनमचं म्हणणं.

"मंग टेप बंद ठेवा ना," संघपाल म्हणाला.

"भाऊ, दीड तासाचा रस्ता आहे. मागं कोणी बोलत नाई, कन्हत राह्यते. गाणं नसलं तर मलेच रडू येते."

त्यानं पाना उचलला.

उजवं दार चाळीस मिनिटांत झालं. काचेचं हँडल काढलं, आतलं पॅड ओढलं, क्लिपा पटापट सुटल्या, एकच तुटली. डाव्या दाराचा तिसरा स्क्रू मात्र त्याच्या घामेजल्या बोटांतून निसटला आणि स्पीकरच्या भोकातून दाराच्या पोटात पडला.

यात नवीन काही नव्हतं. दार म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये चार बोटांची पोकळी. स्क्रू पडला की खाली टिक् वाजतं, आणि पावसाचं पाणी जायला तळाशी जी भोकं असतात तिथं तो जाऊन बसतो. संघपाल सवयीनं त्या आवाजासाठी थांबला.

आवाज आला नाही.

त्यानं चुंबकाची कांडी घालून पाहिली. कांडी रिकामी आली. वायरींत अडकला असेल म्हणून दार तीनदा आपटलं, तरी काही खळखळलं नाही. शेवटी एक शिवी घालून त्यानं डबीतून दुसरा स्क्रू घेतला. मे महिन्यातले अकरा वाजले होते, बाहेर पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि एका स्क्रूपायी किती वेळ घालवायचा?

गाणं लावून पाहिलं. दोन्ही बाजू चांगल्या वाजल्या. पुनम खुश होऊन गेली.

२

शुक्रवारी ती परत आली. डावा स्पीकर लांबून वाजतो म्हणाली.

"लांबून म्हणजे? आवाज कमी येते?"

"कमी नाई ना भाऊ. लांबून. तुमीच बसून पाहा."

संघपाल कपाळाला आठ्या घालून डाव्या सीटवर बसला. तिचं बरोबर होतं. स्पीकरवर तळवा ठेवला तर आतून जोराचे ठोके बसत होते, पण कानाला तेच गाणं शिवारापलीकडच्या गावात लग्नाचा भोंगा वाजावा तसं येत होतं. त्यानं दोन्ही बाजूंच्या वायरी बदलून पाहिल्या. स्पीकरच अदलाबदल केले. डाव्या दारात जो बसेल तो लांबून वाजायचा, उजव्यात गेला की नीट.

म्हणजे दोष दारात. त्याचं कारणही त्याला ठाऊक होतं. पातळ पत्रा थरथरतो, मागचा आवाज पुढच्याला खातो. बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरासारखी चिकट शीट लावली की काम होतं. हे सगळं मंगळवारीच सांगितलं असतं तर हिनं ऐकलं नसतं, म्हणून आता त्यानं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. पुनम व्हॅन ठेवून दवाखान्यात गेली.

त्यानं स्पीकर काढला. टॉर्च मारला. भोकातून पलीकडचा, बाहेरचा पत्रा आतून दिसत होता, कंपनीचा काळपट रंग, त्यावर धूळ. शीटचा तुकडा उजव्या हातात धरून त्यानं हात आत घातला.

मनगट गेलं. अर्धा हात गेला. कोपर भोकाच्या कडेला लागलं.

संघपाल थांबला. पत्रा कुठं होता? त्यानं बोटं ताणली. बोटांना काही लागलं नाही. डाव्या हातानं त्यानं बाहेरून दार ठोकलं. ठक् असा आवाज आला, पत्रा तापलेला होता, पण आतल्या हाताला तो ठोका पोचला नाही. आत गार होतं. धानाच्या कोठीत हात घातल्यावर लागतं तसं गार आणि कोरडं.

आणखी एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. रस्त्यावरून सूरजागडच्या खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते. त्यांच्या हादऱ्यानं दुकानातल्या बाटल्या थरथरत होत्या. पण आवाज येत नव्हता. त्यानं हात बाहेर ओढला, तशी ट्रकची घरघर एकदम कानावर आदळली.

३

तो टेबलावर बसून अर्धी बाटली पाणी प्याला.

ऊन लागलं, हे पहिलं कारण. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. दुसरं म्हणजे हात वाकडा गेला असणार. दाराच्या पोकळीत हात आडवा, मागच्या बाजूला सरकला की कोपरापर्यंत जातोच, आणि आपल्याला वाटतं सरळ गेला. त्यानं मापाची टेप घेऊन दाराची जाडी मोजली. चार बोटं. पुन्हा टॉर्च मारला. पत्रा समोर होता, तेवढ्याच अंतरावर, अगदी साधा.

हे सगळं पटण्यासारखं होतं. ते स्वतःला पटवून घ्यावं लागलं, याचाच त्याला राग आला. या दुकानात त्यानं कधी लिंबू-मिरचीचं तोरण विकायला ठेवलं नव्हतं. मागणाऱ्याला तो वर दोन गोष्टी ऐकवायचा. असला माणूस एका भंगार व्हॅनच्या दारात हात घालायला घाबरतो म्हणजे काय?

तो उठला, गुडघ्यावर बसला आणि भोकाकडे बघत बघत, सावकाश, सरळ रेषेत हात आत घातला. डोळ्यांना दिसलं ते असं, की बोटं पत्र्यापर्यंत गेली. मग भोकात स्वतःच्याच दंडाची सावली पडली आणि पुढचं दिसेना. हात जात राहिला. खांदा भोकाच्या कडेला टेकला, गाल दाराच्या पत्र्याला लागला. ट्रक पुन्हा मुके झाले.

तिथं त्यानं मूठ उघडली. चाचपायला म्हणून.

उघड्या तळव्यावर कोणीतरी काहीतरी ठेवलं. ते वरून पडलेलं नव्हतं, अलगद ठेवलेलं होतं. मग त्याची बोटं एकेक करून मिटवली गेली, करंगळीपासून सुरुवात करून, लहान पोराच्या हातात गोळी देऊन मूठ बंद करावी तशी. आणि मिटलेल्या मुठीवर वरून दोनदा थोपटल्यासारखं झालं.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत तो मंगळवारचा स्क्रू होता.

नंतर त्याला आठवलं ते एवढंच, की तो स्पर्श वाईट नव्हता. त्याला घाम फुटला तो त्यामुळेच.

४

पुनमला खरं सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगायचं तरी काय? तो म्हणाला, डाव्या दाराचं लॉक झिजलंय, चालत्या गाडीत दार उघडू शकतं, तिथं बाईला बसवू नका.

पुनम भडकली. स्पीकर बदलायला आली, तर दोन चकरा झाल्या, आवाज होता तसाच, आणि आता तुमी लॉकचं काढता, असं बरंच बोलली. बाईला मागं चढता येत नाही हे तिनं चारदा सांगितलं. संघपालनं ऐकून घेतलं. मग बायनाबाई आली तेव्हा त्यानंच तिला काखेत धरून मागच्या सीटवर चढवलं. साठीची, काटकुळी बाई. वजन असं नव्हतंच. चढवून झाल्यावर ती नाराजीनं म्हणाली, "मले पुढंच बरं वाटते, भाऊ. त्या दाराले डोकं लावलं का थंड लागते."

"थंड कुठून लागन बाई? दार तापलं आहे."

"बाहेरून तापलं," बाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्या रात्री तो नीट जेवला नाही. मंगळवारच्या आत सगळं दारच बदलून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. घुग्घुसजवळच्या एका भंगारवाल्याकडे तसलंच दार होतं. व्हॅन चंदेरी, दार पांढरं. पुनमनं रंग पाहून तोंड वाकडं केलं असतं, पण आता त्याची फिकीर नव्हती. दार आणायला तो स्वतः गेला, दिवसभर कोळशाची धूळ खाल्ली, आणि विकत घेण्याआधी त्या दाराच्या भोकात हात घालून पाहिला. चार बोटांवर पत्रा लागला. भंगारवाला त्याच्याकडे बघत राहिला.

उजवा तळवा मात्र गारच राहिला होता. एवढ्या उन्हाळ्यात ते बरंही वाटत होतं.

५

मंगळवारी पेशंट दवाखान्यात गेल्यावर त्यानं दार बदललं. जुनं दार दुकानात मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. घाईत त्याचं भोक खोलीकडे राहिलं. पुनम म्हणाली, मले काय करायचं त्याचं, द्या भंगारात.

दोनच्या सुमारास पुनम बायनाबाईला घेऊन आली, कूलरसमोर खुर्चीवर बसवलं आणि बाकी दोघांना आणायला चालत परत गेली. संघपालनं बाईला पाणी दिलं. तिचा डावा हात मनगटाच्या वर दोरखंडासारखा फुगलेला होता. वरच्या बाजूला सुयांच्या जागी कापूस आणि पट्टी. त्याची नजर तिकडे गेलेली पाहून बाईनं त्याची बोटं धरून त्या फुगलेल्या शिरेवर ठेवली.

आत घुर्र घुर्र होत होतं. नाडीबरोबर कमी-जास्त होणारी, बोटांना गुदगुल्या करणारी घरघर. डायलिसिससाठी ऑपरेशन करून शिरा जोडल्या की रक्त असं धावतं, बाईनं सांगितलं. रोज सकाळी हात लावून पाहायचं, आवाज बंद पडला तर तसंच दवाखान्यात पळायचं, असं सिस्टरनं बजावलं होतं. संघपालला हसू आलं. स्पीकरच्या कागदावर हात ठेवला की असंच लागतं, तो म्हणाला. चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता.

मग तो नव्या दाराच्या बिजागऱ्या घट्ट करायला बाहेर गेला. पाच मिनिटं झाली असतील. आतून बाईचा आवाज आला, कोणाशी तरी हळू बोलल्यासारखा. पुनम आली असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं मान वर केली, तर पुनम दोन पेशंटांना घेऊन अजून रस्त्याच्या पलीकडेच उभी होती.

तो आत आला.

बायनाबाई खुर्चीवर नव्हती. ती भिंतीशी फरशीवर बसली होती, गाल जुन्या दाराला लावून, आणि तिचा डावा हात भोकातून खांद्यापर्यंत आत होता. दार भिंतीला टेकलेलं. मागं जागा नव्हती. दाराच्या कडेनं भिंतीचा पिवळा रंग सरळ दिसत होता. हात कुठंच नव्हता. बाईचे डोळे मिटलेले होते, आणि डोक्याला कोणी तेल लावून देत असावं तसा तिचा चेहरा सैल पडला होता.

संघपालनं मागून तिला कवेत धरलं आणि ओढलं. आतून कोणी हिसका दिला नाही. तो जेवढं ओढी, तेवढंच आतून धरलेलं होतं. त्यानं जोर वाढवला की तिकडचाही वाढे, तो दमला की तिकडेही सैल. कोणाला दुखू नये अशी काळजी दोन्हीकडून घेतली जात होती. हे त्याला इतकं असह्य झालं, की त्यानं पाय दारावर रोवला आणि सगळा जीव लावला.

हात सुटला. दोघं फरशीवर पडले.

बाईनं डोळे उघडले. पट्टी जागेवर होती, रक्त नव्हतं. तिनं सवयीनं उजव्या हाताची बोटं शिरेवर ठेवली. मग जरा वर ठेवली. मग संघपालकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हा बंद झाला."

६

दहा मिनिटांत ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, तपासलं आणि सांगितलं की डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, त्यात हा उन्हाळा, शिरेत गाठ धरली आहे, असं होतं. गळ्याजवळ नळी घालून पुढचं डायलिसिस चालेल, नंतर दुसऱ्या हाताला शिरा जोडता येतील. बाईच्या जिवाला धोका नव्हता. संघपालनं ते शब्द दोनदा विचारून घेतले. असं होतं. गाठ धरते. यात त्या दाराचा काही संबंध नव्हता.

पाचच्या सुमारास तो दुकानात आला, दार उचलून भंगाराच्या हातगाडीवर टाकायला. दोन्ही बाजूंनी धरलं आणि तसंच खाली ठेवलं.

पत्रा घुरघुरत होता. आवाज नव्हता, तळव्याला नुसती गुदगुली, कमी-जास्त होणारी, नाडीसारखी.

ते दार त्यानं भंगारात दिलं नाही. ते कापलं, चेपलं, तर आणखी काय बंद पडेल, हे त्याला कोणाला विचारता येण्यासारखं नव्हतं. भोकावर त्यानं पत्रा ठोकला, रिबिटं मारली, आणि दार मागच्या खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावलं. बायको "काऊन? काऊन?" विचारत मागं लागली, तेव्हा तिच्यावर खेकसला. पण रोज सकाळी दुकान उघडलं की आधी कुलूप काढून दाराला हात लावायचा, आणि घरघर लागली की स्वतःवरच चडफडत बाहेर यायचा. बाईच्या नाडीचा आकडा पुनमला विचारून घ्यायचा. नव्वदच्या वर असायचा. दाराचे ठोके तो घड्याळ लावून मोजायचा. तेही नव्वदच्या वर.

बायनाबाई बरी होती. नवं पांढरं दार तिला आवडत नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी भजन सारखंच वाजतं, असं पुनमनं फोनवर सांगितलं. हात डायलिसिसच्या कामातून गेला त्याचं बाईला फार वाईट वाटत नव्हतं. ठेवून घेतला म्हणते, पुनम म्हणाली, कोणी ते नाई सांगत. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे.

जून लागला. एका सोमवारी सकाळी त्यानं नेहमीसारखा दारावर डावा तळवा ठेवला आणि त्याला वाटलं, घरघर बिघडली. नीट लक्ष दिल्यावर कळलं की ती बिघडली नव्हती. आत दोन होत्या. एक बाईची, भराभर पडणारी. दुसरी तिच्याखाली, सावकाश, खोल.

त्यानं घड्याळ लावलं. पहिल्यांदा मोजणी चुकली. दुसऱ्यांदा अडुसष्ट आले. तिसऱ्यांदाही अडुसष्ट. त्यानं कोणाकोणाला आठवून पाहिलं. दाराच्या भोकात आणखी कोणी हात घातला होता, हे आठवायला फार वेळ लागला नाही.

बाहेर ट्रक जात होते. संघपाल पालथ्या डब्यावर बसला, उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हाताची तीन बोटं त्या मनगटावर टेकवली. हात गार होता. बोटांखाली काही लागलं नाही. नाडी सापडायला वेळ लागतो, दवाखान्यातल्या माणसांनासुद्धा लागतो, त्यानं स्वतःला सांगितलं. बोटं जरा वर सरकवली. खाली आणली. जोरात दाबली, मग हलकी ठेवली. काही नाही.

वैतागून त्यानं हात दोनदा झटकला, पँटला पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागला.